मिथोट्रेक्सेटची भरून येणारी सिरिंज आणि धंतोलीतले एक मेडिकल : नऊ महिन्यांचा अनुभव

माझ्या आईला आमवात आहे, म्हणजे डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो आजार, आणि गेल्या मार्चपासून ती दर रविवारी मिथोट्रेक्सेट या औषधाचे १५ मिलिग्रॅमचे इंजेक्शन, औषध आधीच भरून येणाऱ्या सिरिंजने, नागपूरच्या महालातल्या आमच्या घरीच घेते. हे परीक्षण त्या इंजेक्शनच्या भरून येणाऱ्या सिरिंजचे आहे आणि ती आम्ही जिथून आणतो त्या धंतोलीतल्या औषधाच्या दुकानाचेही आहे, कारण आता या दोन्ही गोष्टी मला एकमेकींपासून वेगळ्या काढून सांगता येत नाहीत. कंपनीचे आणि दुकानाचे नाव मी लिहिलेले नाही. अशा सिरिंज एकाहून अधिक कंपन्या बनवतात, आणि कोणत्याही मेडिकलमध्ये गेल्यावर काय विचारून घ्यायचे, हे वाचणाऱ्याला कळावे एवढाच माझा उद्देश आहे. मी डॉक्टर नाही. औषधाविषयी पुढे जे लिहिले आहे ते आमच्या संधिवाततज्ज्ञांनी, तिथल्या सिस्टरांनी आणि फार्मासिस्टने वेळोवेळी समजावून सांगितलेले आहे, आणि त्यातले बरेचसे खोक्यातल्या माहितीपत्रकातही छापलेले आहे.

सुरुवात गोळ्यांपासून करावी लागेल, कारण सिरिंजचे महत्त्व त्याशिवाय कळणार नाही. मागच्या वर्षी पावसाळ्यात आईची बोटे सुजून सकाळी तासन्‌तास आखडलेली राहू लागली, तेव्हा डॉक्टरांनी मिथोट्रेक्सेटच्या गोळ्या आठवड्यातून एकदा घ्यायला सांगितल्या. चिठ्ठीवर इंग्रजीत 'ओडब्ल्यू' असे लिहिले होते, म्हणजे आठवड्यातून एकदा. ज्या दुकानातून आम्ही पहिल्यांदा गोळ्या घेतल्या तिथे घाईत ते 'ओडी' असे वाचले गेले, म्हणजे दिवसातून एकदा, आणि पाकिटावर 'रोज १' असे लिहून मिळाले. डॉक्टरांनी तोंडी सांगितलेले आईच्या लक्षात होते म्हणून तिने पाकीट माझ्यापुढे धरले आणि म्हणाली, "यांनी तर रोज लिहून ठेवलं आहे, बघ बरं." तिच्या जागी एखादी एकटी राहणारी, डोळ्यांनी कमी दिसणारी बाई असती तर काय झाले असते, याचा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मिथोट्रेक्सेट रोज घेतले गेले तर तोंडात व घशात फोड येतात, अस्थिमज्जेचे काम मंदावून रक्तातल्या पेशी घटतात आणि माणूस दगावू शकतो. अशा चुका जगभर होत आल्या आहेत. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये याच चुकीसाठी नव्या सूचना काढल्या, आणि घेण्याचा वार चिठ्ठीवर पूर्ण अक्षरांत लिहावा हा सल्ला तिथले डॉक्टरही देतात. त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक चिठ्ठीवर डॉक्टरांकडून 'फक्त रविवारी' असे मराठीत लिहून घेतो, आणि डॉक्टर ते आनंदाने लिहून देतात.

गोळ्यांच्या काळातली दुसरी अडचण रंगाची होती. मिथोट्रेक्सेटची अडीच मिलिग्रॅमची गोळी पिवळी आणि त्याच्यासोबत घ्यायची फॉलिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची गोळीही पिवळी, दोन्ही लहान. मिथोट्रेक्सेट शरीरातल्या फोलेट या जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते आणि त्यामुळे वेगाने वाढणाऱ्या पेशींची वाढ थांबते. त्या अडथळ्याचा त्रास निरोगी पेशींना कमी व्हावा म्हणून फॉलिक ॲसिड दिले जाते, आणि आईला ते मंगळवारी घ्यायला सांगितले आहे. दोन सारख्या गोळ्यांचे दोन वेगळे वार सांभाळताना सहासष्ट वर्षांच्या माणसाची तारांबळ होते. शिवाय तिला मळमळ फार होत असे, आणि गोळ्यांचा डोस साधारण १५ मिलिग्रॅमच्या पुढे वाढवला की पोटातून शोषल्या जाणाऱ्या औषधाचे प्रमाण त्या मानाने वाढत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. म्हणून जानेवारीत इंजेक्शन सुरू झाले, पण आधी कुपीतून.

कुपी स्वस्त असते, ही तिची खरी बाजू आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. आमच्या कुपीत २ मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम औषध होते, म्हणजे १५ मिलिग्रॅमसाठी ०.६ मिलिलिटर काढायचे. ते इन्शुलिनच्या सिरिंजने काढायला शिकवले गेले होते. लाल टोपीच्या ४० युनिटच्या सिरिंजवर ०.६ मिलिलिटर म्हणजे २४ वा आकडा. माझी वहिनी हे काम नीट करत होती. फेब्रुवारीत एकदा सिरिंज संपल्या आणि भाऊ जवळच्या दुकानातून नारिंगी टोपीच्या घेऊन आला. त्या १०० युनिटच्या होत्या आणि त्यांच्यावर २४ वा आकडा म्हणजे केवळ ०.२४ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम ६ मिलिग्रॅम औषध. दोन रविवार आईला अर्ध्याहूनही कमी डोस गेला आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. बोटे पुन्हा सुजायला लागली तेव्हा सिस्टरांनी सिरिंज घेऊन यायला सांगितले, आणि टोपीचा रंग पाहताच त्यांच्या लक्षात आले. यात दोष आमचा होता, पण युनिट आणि मिलिग्रॅम यांचा असा हिशेब घरच्या माणसावर सोपवण्याची पद्धतच मला धोक्याची वाटते. चूक उलट्या दिशेने झाली असती तर डोस कमी न पडता जास्त गेला असता. ज्या घरात कुणी मधुमेहाचे इन्शुलिन घेतात, आमच्याकडे बाबा घेतात, तिथे तर दोन औषधांच्या सिरिंज एकाच खणात पडून राहण्याचा धोका वेगळाच आहे.

भरून येणाऱ्या सिरिंजने हा सगळा हिशेब संपवला. आत ठरलेला डोस, सुई जोडलेली, औषध पिवळे आणि पारदर्शक. ते गढूळ दिसले किंवा त्यात कण दिसले तर वापरायचे नाही. सिस्टरांनी आम्हाला पहिली तीन इंजेक्शने समोर बसवून देऊन घेतली. बेंबीपासून दोन इंच सोडून पोटाची किंवा मांडीची कातडी चिमटीत धरायची, सुई एकाच हालचालीत आत घालायची, दट्ट्या सावकाश दाबायचा आणि दर आठवड्याला जागा बदलायची. आतला लहानसा हवेचा बुडबुडा काढायला जायचे नाही, कारण तसे करताना औषधच सुईतून बाहेर येते. सुईवर टोपी परत बसवायची नाही, हे त्यांनी दोनदा सांगितले. आई आता म्हणते की तिला डास चावल्यापेक्षा जास्त दुखत नाही, आणि मळमळ जवळजवळ गेली आहे.

एक गोष्ट मात्र सिस्टरांनी सांगितली नसती तर आम्ही मोठी चूक केली असती. एप्रिलमध्ये वहिनीला दिवस गेले. इंजेक्शन तीच देत होती, आणि ती पुढेही देणार असे आम्ही गृहीत धरले होते. मिथोट्रेक्सेट गर्भाला अपाय करते, इतके की गर्भाशयाबाहेर राहिलेली गर्भधारणा थांबवण्यासाठी डॉक्टर हेच औषध वापरतात. म्हणून गर्भवती स्त्रीने ही सिरिंज हाताळूसुद्धा नये, आणि ज्यांना मूल हवे आहे अशा रुग्णांनी ते घेण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे. तेव्हापासून हे काम माझ्याकडे आले. मी हातमोजे घालते, आणि औषधाचा थेंब कातडीवर पडलाच तर लगेच साबण-पाण्याने धुते. ही सूचना खोक्यातल्या कागदावर इंग्रजीत, बारीक अक्षरांत, मधल्या एका परिच्छेदात आहे. ज्या औषधाला घरातल्या सुनेने किंवा मुलीने हात लावण्याची शक्यता सर्वांत जास्त, त्याच्या खोक्यावर ती मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत असायला हवी. तशीच 'आठवड्यातून एकदाच' ही सूचनाही. आमच्या खोक्यावर ती आहे, पण इंग्रजीत आणि कंपनीच्या नावापेक्षा कितीतरी लहान. वार लिहायला एक रिकामी ओळही नाही. सिरिंजने मोजण्याची चूक टाळली, वाराची चूक टाळण्यासाठी मात्र कंपनीने फारसे काही केलेले नाही, आणि या उत्पादनाविषयीची माझी मुख्य तक्रार हीच आहे.

ती उणीव दुकानाने भरून काढली. पहिल्या दिवशीच फार्मासिस्टने चिठ्ठी वाचल्यावर आईला विचारले, "काकू, कोणत्या वारी घेता?" तिने रविवार सांगितल्यावर त्यांनी खोक्यावर जाड पेनाने 'रविवार' असे लिहिले, आणि पुढच्या खेपेपासून विचारत राहिले की मागचा डोस कधी झाला. एखादा रविवार चुकला तर दोन दिवसांच्या आत घेता येतो, त्यानंतर पुढच्या रविवारचीच वाट पाहायची आणि कोणत्याही परिस्थितीत दोन डोस एकत्र करायचे नाहीत, हेही त्यांनीच आम्हाला पहिल्यांदा समजावले. आमच्या डॉक्टरांनी नंतर त्याला दुजोरा दिला.

ऑगस्टमधला प्रसंग मी कधी विसरणार नाही. आईला लघवीला जळजळ होऊ लागली आणि घराजवळच्या डॉक्टरांनी, ज्यांना तिच्या इंजेक्शनविषयी आम्ही सांगितलेच नव्हते, कोट्रायमॉक्सॅझोलच्या गोळ्या लिहून दिल्या. ते एक जुने, साधे आणि फार वापरले जाणारे प्रतिजैविक आहे. मी ती चिठ्ठी घेऊन धंतोलीत गेले, कारण योगायोगाने सिरिंजही आणायची होती. फार्मासिस्टने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि गोळ्या द्यायला नकार दिला. या गोळ्यांतला एक घटक मिथोट्रेक्सेटसारखाच फोलेटला अडवतो, आणि दोन्ही एकत्र घेतली तर रक्तपेशी धोकादायक प्रमाणात घटू शकतात. त्यांनी माझ्यासमोर संधिवाततज्ज्ञांना फोन लावला, दुसरे प्रतिजैविक लिहून घेतले आणि संसर्ग बरा होईपर्यंत त्या रविवारचे इंजेक्शन थांबवायचे का, तेही विचारून घेतले. इंजेक्शन एक आठवडा थांबवले. मागे दुकानात सात-आठ माणसे उभी होती आणि त्यातले दोघे कुरकुरत होते, तरी त्यांनी फोन संपेपर्यंत घाई केली नाही. त्या दिवसापासून आईच्या पर्समध्ये एक कागद असतो, 'मी मिथोट्रेक्सेट घेते' असा, आणि दातांच्या डॉक्टरांपासून सगळ्यांना तो आधी दाखवायचा असे आम्ही ठरवले आहे. अंगदुखीच्या गोळ्याही ती आता कुणाच्या सांगण्यावरून घेत नाही.

नागपूरच्या उन्हाळ्याविषयी वेगळे सांगायला हवे. आमच्या खोक्यावर लिहिले आहे की औषध २५ अंशांच्या खाली, प्रकाशापासून दूर ठेवावे आणि गोठवू नये. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि महालातल्या जुन्या घरात कूलर चालू असला तरी आतल्या खोलीचे तापमान २५ वर येत नाही. भाऊ दुपारी दोन वाजता स्कूटरच्या डिकीत टाकून खोके आणणार होता. फार्मासिस्टने त्याला थांबवले आणि सांगितले की उन्हात उभ्या असलेल्या स्कूटरची डिकी म्हणजे भट्टी असते, खोके जाड कापडात गुंडाळून पायाजवळच्या पिशवीत ठेवा आणि संध्याकाळी न्या. मग त्यांनीच सुचवले की चार सिरिंज एकदम नेण्याऐवजी दर शनिवारी संध्याकाळी एक न्यावी, उरलेल्या ते त्यांच्या वातानुकूलित खोलीत आईच्या नावाने ठेवतील. त्यासाठी त्यांनी एक रुपयाही जास्त घेतला नाही.

उन्हाळ्याची दुसरी बाजू डॉक्टरांनी सांगितली. मिथोट्रेक्सेट शरीराबाहेर टाकण्याचे काम मुख्यतः मूत्रपिंडे करतात. नवतपात, म्हणजे मे अखेरीच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, जुलाब-उलट्या होऊन किंवा नुसते पाणी कमी पिऊन शरीर सुकले तर औषध शरीरात जास्त काळ राहते आणि नेहमीचाच डोस जास्तीचा ठरू शकतो. अशा आठवड्यात इंजेक्शन घेण्यापूर्वी फोन करायचा. क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी), सीबीसी (रक्तपेशींसाठी) आणि एसजीपीटी (यकृतासाठी) या रक्ततपासण्या सुरुवातीला दर महिन्याला झाल्या आणि आता दोन-तीन महिन्यांनी होतात. इंजेक्शन सुरू करण्याआधी कावीळ ब आणि क यांची तपासणी व छातीचा एक्स-रे झाला होता. तोंड येणे, ताप, कारण नसताना अंगावर निळे डाग, कोरडा खोकला आणि धाप, डोळे पिवळे होणे, यातले काहीही दिसले तर पुढच्या भेटीची वाट पाहायची नाही. हे सगळे आई एका शाळेच्या वहीत लिहून ठेवते, प्रत्येक रविवारपुढे तारीख, पोट की मांडी, डावी की उजवी बाजू आणि माझी सही.

शेजारच्या काकूंनी एकदा आईला म्हटले की हे तर कॅन्सरचे औषध आहे, आणि आईने पुढचे इंजेक्शन घ्यायला साफ नकार दिला. ही भीती समजण्यासारखी आहे आणि ती नुसती उडवून लावू नये. औषध खरोखरच कर्करोगासाठी तयार झाले. भीमावरमला १८९५ मध्ये जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली या कंपनीत संशोधन करत होते आणि तिथल्या त्यांच्या चमूने फोलेटला अडवणारी ही औषधे बनवली. त्यांपैकीच एक औषध वापरून डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेली मुले काही काळ बरी झाल्याचे १९४८ मध्ये जगाला दाखवले. आमवातासाठी मिथोट्रेक्सेटला अमेरिकेत मंजुरी मिळाली ती १९८८ मध्ये. फरक डोसाचा आहे. काही कर्करोगांत ते शिरेतून ग्रॅमच्या हिशेबाने देतात, म्हणजे आईच्या डोसाच्या शेकडो पट, आणि मग ठरलेल्या वेळी ल्युकोव्होरिन नावाचे औषध देऊन निरोगी पेशींना वाचवतात. ते सहसा रुग्णालयात दाखल करून करतात. आमच्या गल्लीतल्या एका मुलाचा रक्ताच्या कर्करोगाचा उपचार तुकडोजी पुतळ्याजवळच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात चालू आहे आणि त्याला पुढच्या टप्प्यात मिथोट्रेक्सेटच्या गोळ्या आठवड्यातून एकदा आणि मर्कॅप्टोप्युरीन या दुसऱ्या औषधाच्या गोळ्या रोज घ्यायच्या आहेत. त्याच्या आईने मला सांगितले की तिने कॅलेंडरवर आठवड्याच्या औषधाला लाल आणि रोजच्या औषधाला हिरवा ठिपका काढला आहे. डॉक्टरांनी आईला हे सगळे शांतपणे समजावल्यावर तिने पुन्हा इंजेक्शन सुरू केले, आणि आता ती स्वतःच इतरांना समजावते.

किमतीविषयी थोडक्यात. भरून येणारी सिरिंज कुपीपेक्षा बरीच महाग आहे आणि दर आठवड्याला नवी लागते. ज्यांना ती परवडत नाही त्यांनी कुपीच वापरावी, पण एकाच प्रकारची सिरिंज कायम ठेवावी, किती मिलिलिटर काढायचे ते डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्यावे, आणि कुपीवरची तीव्रता बदलली तर पुन्हा विचारावे. उघडलेली कुपी पुन्हा वापरता येते की नाही, हेही प्रत्येक कुपीगणिक वेगळे असते.

वापरलेली सिरिंज कचरागाडीत जाऊ देऊ नये. ओला-सुका कचरा हाताने वेगळा करणाऱ्या माणसाच्या बोटात ती सुई जाईल. आम्ही जाड प्लास्टिकची झाकणाची बरणी ठेवली आहे आणि ती भरली की सिस्टरांकडे नेऊन देतो, त्या ती रुग्णालयाच्या जैववैद्यकीय कचऱ्यात टाकतात. दुकानाने ही बरणी परत घ्यायची सोय केली तर बरे होईल. मी ते सुचवले, अजून झालेले नाही. दुकानाची दुसरी उणीव म्हणजे रविवारी ते बंद असते, आणि शनिवारी संध्याकाळी तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही.

जुलैत पाऊस सुरू झाल्यावर फार्मासिस्टने सांगितले की आता चारही सिरिंज एकदम न्यायला हरकत नाही. आईने विचार केला आणि म्हणाली की उन्हाळ्यातली पद्धतच बरी आहे, घरात एकच सिरिंज असली की चुकून दुसरी घेताच येत नाही. त्यांनी मान डोलावली आणि तिच्या नावाचे खोके परत कपाटात ठेवले. मी अजूनही दर शनिवारी धंतोलीत जाते.